अलंकार आणि इतिहास : भीमाकाठची काही उदाहरणे



शिरूरला निघालेला या भागातला जुना माणूस ‘शिरूरला जातो’ असे सहसा म्हणत नाही. ‘घोडनदीला जातो’ असे म्हणतो. ऐकणाऱ्यालाही तो नदीत उतरणार आहे असे क्षणभरही वाटत नाही. त्याला बाजाराला जायचे आहे, कचेरीत जायचे आहे, लेकीच्या घरी जायचे आहे. गाव नदीच्या काठी आहे, म्हणून नदीचे नाव गावाला लागले आणि नदी बोलण्यातून बाजूला सरली. संस्कृत साहित्यशास्त्रात या व्यवहाराला ‘लक्षणा’ असे नाव आहे. शास्त्रकारांचे यावरचे नेहमीचे उदाहरण म्हणजे ‘गंगेवर गवळ्यांची वाडी’. वाडी प्रवाहावर उभी राहू शकत नाही, म्हणून ‘गंगा’ या शब्दाचा ‘गंगेचा काठ’ असा अर्थ घ्यायचा. मम्मटाने काव्यप्रकाशात यासाठी तीन अटी सांगितल्या आहेत. सरळ अर्थाला अडथळा यावा. घेतलेल्या अर्थाचा मूळ अर्थाशी संबंध असावा. आणि तसे बोलण्यामागे रूढी तरी असावी, नाहीतर काही प्रयोजन तरी असावे. आमची घोडनदी या तिन्ही अटींना उतरते. मम्मटाला काशीच्या बाजूला जावे लागले, आपल्याला एस.टी.च्या थांब्यापर्यंत गेले तरी पुरते.

दौंडकरांनीही मागे राहण्याचे कारण नाही. ‘पुढारी आले तेव्हा अख्खे दौंड फलाटावर लोटले’ असे आपण म्हणतो. गाव जागचे हलत नाही, माणसे हलतात, ही लक्षणाच. पुन्हा ‘अख्खे’ म्हटले म्हणजे तिच्या जोडीला अतिशयोक्तीही आली. आणि रात्री गप्पा लांबल्या म्हणजे दौंडचा यजमान पाहुण्याला म्हणतो, ‘मनमाडची गाडी आज वेळेवर आहे बरे का!’ शब्द गाडीचे वेळापत्रक सांगतात. अर्थ ‘आता उठा’ असा होतो. ही व्यंजना. शब्दाचा सरळ अर्थ देणारी ती अभिधा, तो अडल्यावर शेजारचा अर्थ देणारी ती लक्षणा, आणि दोन्ही अर्थ संपल्यावरही जी काही सुचवीत राहते ती व्यंजना. शाळेत ज्या परिभाषेचे ओझे वाटत होते ती आपण दिवसभर वापरीत असतो, इतकेच मला प्रथम सांगावयाचे आहे.

परंतु आजचा विषय शाळेतल्या अलंकारांची उजळणी हा नव्हे. ही परिभाषा ठाऊक नसली तर परीक्षेत चार गुण जातात, एवढ्यावर भागत नाही. कधी कधी एखाद्या माणसाची अब्रू जाते, आणि ती दोनअडीचशे वर्षे परत येत नाही. अलंकार हा अलंकार म्हणून ओळखला नाही, की तो साक्षीदार म्हणून पुढे येतो, आणि इतिहासाच्या न्यायासनासमोर त्याची जबानी घेतली जाते. असे का घडते हे पाहण्यासाठी शिरूर-दौंडच्या या टापूइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल.

पहिले उदाहरण साधे घेऊ. शिरूर तालुक्यात पाबळ येथे मस्तानीची कबर आहे. १७४० साली बाजीराव गेले आणि त्याच वर्षी मस्तानीही गेली. तिच्याविषयी एक गोष्ट महाराष्ट्रात घरोघर सांगतात : ती इतकी गोरी आणि नितळ होती की विडा खाल्ल्यावर पानाचा लाल रस तिच्या गळ्यातून उतरताना बाहेरून दिसत असे. सांगणारा हे आपल्या पणजोबाने पाहिले अशा खात्रीने सांगतो. आता मलिक मुहंमद जायसी याचे ‘पद्मावत’ उघडावे. ते १५४० सालचे, म्हणजे मस्तानीच्या मृत्यूच्या बरोबर दोनशे वर्षे आधीचे. त्यात पद्मिनीच्या रूपाचे वर्णन आहे आणि तिच्याही गळ्यातून पानाचा रस दिसतो. तेव्हा हा रस कोणा एकीच्या गळ्याचा नव्हे. नायिकेच्या गळ्याचे वर्णन आले की कवीने वापरावयाचा तो ठरलेला संकेत आहे. अशा संकेताला आपल्या शास्त्रात ‘कविसमय’ म्हणतात. चकोर चांदणे पितो, हंस दूध आणि पाणी वेगळे करतो, आणि सुंदरीच्या गळ्यातून विडा दिसतो. यात कवी खोटे बोलत नाही, कारण तो खरे बोलण्याचा दावाच करीत नाही. घोटाळा पुढे होतो. वर्णन कवितेतून निसटते, आख्यायिकेत शिरते, आणि मग एका जिवंत स्त्रीच्या चरित्रातला तपशील होऊन बसते. मस्तानी कोण होती, तिच्या वाट्याला काय आले, तिच्या मुलाचे पुढे काय झाले, हे प्रश्न बाजूला राहतात. लोकांना पानाचा रस तेवढा आठवतो.

दुसरे उदाहरण याहून मोठे आहे. शिवछत्रपतींच्या स्तुतीपर काव्यांत भूषण कवीचा ‘शिवराजभूषण’ हा ग्रंथ प्रसिद्ध आहे. तो संवत् १७३० मध्ये, म्हणजे १६७३ साली, राज्याभिषेकाच्या आदल्या वर्षी पुरा झाला. त्यातले छंद आपण वीररसाने भारावून ऐकतो. पण हा ग्रंथ मुळात अलंकारशास्त्राचे पाठ्यपुस्तक आहे, हे ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते? एका अलंकाराचे लक्षण दोह्यात सांगावयाचे आणि त्याचे उदाहरण शिवाजीमहाराजांच्या पराक्रमातून द्यावयाचे, असा त्याचा क्रम आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार होते. त्यांची संख्या वाढत वाढत भूषणाच्या काळापर्यंत शंभरावर गेली होती, आणि भूषणाने शंभरांहून अधिक अलंकारांना शिवचरित्रातून उदाहरणे पुरवली. ग्रंथाचे नावच त्याची जात सांगते. ‘भूषण’ म्हणजे अलंकार, ‘भूषण’ म्हणजे कवी, आणि शिवराजाला शोभा देणारे तेही भूषणच. एका शब्दात तीन अर्थ राहतात, म्हणून हा श्लेष.

या ग्रंथाची ऐतिहासिक किंमत मी मुळीच कमी करीत नाही. तो समकालीन आहे. मोहिमांची, गडांची, सरदारांची नावे त्यात आहेत. परंतु प्रत्येक छंद हा अमुक एका अलंकाराचे उदाहरण म्हणून रचलेला आहे, ही गोष्ट वाचकाने विसरता कामा नये. भूषणाच्याच एका प्रसिद्ध छंदात ‘बेर’ हा शब्द एकदा ‘वेळ’ आणि एकदा ‘बोर’ या अर्थाने येतो. पूर्वी दिवसातून तीन वेळा जेवणाऱ्या शत्रुस्त्रिया आता रानात तीन बोरांवर दिवस काढतात, असे त्याचे तात्पर्य आहे. हे यमक आहे. यावरून मोगल जनान्यातल्या बायका बोरे खाऊन राहत होत्या असे अनुमान कोणी काढले, तर आपण त्याला हसू. मात्र अशीच अनुमाने आपण दुसरीकडे काढली आहेत, आणि तेथे आपल्याला हसू आले नाही.

ती जागा म्हणजे शिरूर तालुक्यातलेच वढू बुद्रुक. तेथे छत्रपती संभाजीमहाराजांची समाधी आहे. १ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वरला महाराज आणि त्यांचे स्नेही कवी कलश पकडले गेले. दोघांना भीमेच्या उत्तर तीरावर पेडगाव येथे, म्हणजे बहादूरगडाला, औरंगजेबाच्या छावणीत आणले. दौंडहून भीमेच्या प्रवाहाबरोबर खाली गेले की हा गड लागतो. आज तो अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. तेथे त्यांना विदूषकी वेश चढवून मिरवले. मग छावणी भीमेच्या खोऱ्यातून वर कोरेगाव-तुळापूरच्या बाजूला सरकली आणि ११ मार्च १६८९ रोजी तेथे दोघांचाही वध झाला. राजाचे वय त्या वेळी ३१ वर्षांचे होते. नदी तुळापूरकडून पेडगावकडे वाहते. या दोघांचा शेवटचा प्रवास तिच्या उलट दिशेने झाला.

हा राजा ग्रंथकार होता. ‘बुधभूषण’ हा त्याचा संस्कृत ग्रंथ तीन अध्यायांचा आहे, ह. दा. वेलणकरांनी संपादलेला हा ग्रंथ १९२६ साली पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने प्रसिद्ध केला. त्यात स्वतःच्या श्लोकांबरोबर जुन्या ग्रंथांतून वेचलेली वचनेही आहेत, आणि राजनीतीचा भाग मोठा आहे. याशिवाय व्रजभाषेतल्या तीन रचना त्याच्या नावावर आहेत : ‘नखशिख’, ‘नायिकाभेद’ आणि ‘सातसतक’. मी एखाद्या सभेत ‘नायिकाभेद’ हे नाव उच्चारले की श्रोत्यांत थोडी चुळबुळ होते, कोणी गालात हसते. त्या हसण्याचा अर्थ मला कळतो. ज्याच्याविषयी विलासी म्हणून आधीच ऐकलेले असते, त्याने नायिकांचे प्रकार सांगणारे पुस्तक लिहिले, म्हणजे आरोपीने कबुलीजबाबच दिला!

म्हणून नायिकाभेद म्हणजे काय ते नीट पाहिले पाहिजे. नाटकात आणि काव्यात येणाऱ्या नायिकेचे वर्गीकरण भरतापासून चालत आले आहे. नात्यावरून स्वकीया, परकीया आणि सामान्या. वयाने आणि धिटाईने मुग्धा, मध्या आणि प्रगल्भा. अवस्थेवरून वासकसज्जा, विरहोत्कंठिता, स्वाधीनभर्तृका, कलहांतरिता, खंडिता, विप्रलब्धा, प्रोषितभर्तृका आणि अभिसारिका या आठ. पती परगावी गेलेली ती प्रोषितभर्तृका, ठरल्या वेळी प्रियकर आला नाही म्हणून फसलेली ती विप्रलब्धा. भानुदत्ताची संस्कृत ‘रसमंजरी’ या विषयावरच आहे. ओरछाच्या केशवदासाची ‘रसिकप्रिया’ १५९१ सालची, तिचाही गाभा हाच. सतराव्या शतकातल्या व्रजकवीला नायिकाभेद लिहिणे म्हणजे आजच्या पदवीधराला प्रबंध लिहिण्यासारखे होते. आपल्याला शास्त्र येते, छंद येतो, परंपरेत राहून नवे बोलता येते, हे त्याने तेथे सिद्ध करावयाचे. ‘नखशिख’ हाही तसाच ठरीव प्रकार. पायाच्या नखापासून शेंडीपर्यंत एकेका अवयवाला उपमा देत जावयाचे. पाबळच्या आख्यायिकेतला गळा याच परंपरेतला.

येथे एक खबरदारी घेतली पाहिजे. नायिकाभेद लिहिला म्हणून माणूस विलासी ठरत नाही. तसाच त्यावरून तो संयमीही ठरत नाही. शास्त्रग्रंथ हा स्वभावाचा पुरावाच नव्हे. परिभाषेचे ज्ञान आपल्याला इतकेच सांगते की हा कागद या खटल्यात दाखल करू नका. बाकीचा निकाल पत्रांवरून, सनदांवरून, मोहिमांच्या नोंदींवरून करा. वा. सी. बेंद्रे यांनी आपल्या १९६० सालच्या चरित्रग्रंथात आणि डॉ. कमल गोखले यांनी १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘शिवपुत्र संभाजी’ या ग्रंथात तेच केले, आणि जुने चित्र पालटले. त्याआधीचे चित्र पुष्कळसे मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीवर उभे होते. ती बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची, म्हणजे घटनेनंतर सव्वाशे वर्षांच्या सुमाराची. शिवाय बखरकाराचे पूर्वज बाळाजी आवजी यांना १६८१ साली संभाजीमहाराजांच्याच आज्ञेने देहान्त शासन झालेले होते. या चित्राला पुढे नाटककारांची प्रतिभा मिळाली. गडकऱ्यांचे ‘राजसंन्यास’ १९१९ साली त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले. पण त्यातला भोगात बुडालेला राजा मराठी मनात पुरा उतरला.

आता राजाच्या शेजारच्या माणसाकडे वळू. कवी कलश हा उत्तरेकडून आलेला ब्राह्मण. ‘कलश’ म्हणजे देवळाच्या शिखरावरचा कळस. कवींमध्ये कळस असे ते रूपक. त्याचेच ‘कविकुलेश’ असेही रूप सांगतात. आदराने ‘कविजी’ म्हणत, त्याचे लोकांच्या तोंडी ‘कब्जी’ झाले. आणि ‘कलशा’चे झाले ‘कलुशा’. संस्कृतात ‘कलुष’ म्हणजे गढूळ, मलिन, पापी. एका स्वराचा फरक, पण देवळाचा कळस चिखलात आला! हे कोणी द्वेषाने मुद्दाम केले की जिभेच्या वळणाने घडले, याचा निवाडा करण्याची गरज नाही. परिणाम एकच झाला. ‘कलुशा कब्जी’ हे नाव ऐकताच दुष्ट मांत्रिक डोळ्यांपुढे उभा राहतो. पुरावा मागण्याची कोणाला आठवण होत नाही, कारण नावच पुरावा झालेले असते. नावाचा मनाजोगा अर्थ लावून त्यावरून माणसाचा गुण ठरविण्याला साहित्यशास्त्रात ‘निरुक्ती’ अलंकार म्हणतात. कवितेत तो गमतीचा असतो. इतिहासात तो विषारी होतो.

त्याच्या पदवीचीही अशीच कथा. तो ‘छंदोगामात्य’ म्हणवला जाई. ‘छंदोग’ म्हणजे सामवेद गाणारा. पण मराठीत ‘छंद’ या शब्दाचे तीन अर्थ : वेद, वृत्त आणि नाद. ‘छंदीफंदी’ हा शब्द ज्याच्या कानांत आहे, त्याला या पदवीत विद्या ऐकू येण्याऐवजी व्यसन ऐकू आले, तर नवल नाही.

पण या माणसाची एक हकीकत त्याच्या शत्रूच्याच पक्षातल्या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. खाफीखान सांगतो की संभाजीमहाराजांना दरबारात उभे केले तेव्हा औरंगजेब तख्तावरून खाली उतरला आणि ईश्वराचे आभार मानण्यासाठी त्याने गुडघे टेकले. ते पाहून, हातपाय जखडलेल्या कवीने आपल्या राजाला उद्देशून तेथल्या तेथे एक हिंदी पद्य म्हटले. त्याचा भाव असा : हे राजा, तुझे तेज पाहून आलमगीराला सिंहासनावर बसवेना; तुला मान देण्यासाठी तो खाली उतरला. घडलेली गोष्ट खरी, पण तिचे कारण कवीने कल्पनेने दुसरेच लावले. याला अलंकारशास्त्र ‘हेतूत्प्रेक्षा’ म्हणते. खाफीखानाने हे घटनेनंतर काही दशकांनी लिहिले, हे ध्यानात ठेवू. तरीही स्तुती करण्याचे त्याला काहीच कारण नव्हते. पाठ्यपुस्तकात मी हेतूत्प्रेक्षेची पुष्कळ उदाहरणे वाचली. पण साखळदंडात, मरणाच्या दारात, ऐकणारा एकच रसिक उरलेला असताना दिलेले उदाहरण हे एवढेच. अलंकार म्हणजे रिकामटेकड्यांचा खेळ, असे म्हणणाऱ्याने एकदा पेडगावच्या त्या पडक्या तटाजवळ जाऊन उभे राहावे.

अलंकार दुसऱ्या बाजूकडेही होते. फार्सी कवींत घटनेची ‘तारीख’ काढण्याची प्रथा होती. अक्षरांना ठरलेले अंक असतात. अलिफ म्हणजे १, बे म्हणजे २, याप्रमाणे. असे वाक्य जुळवावयाचे की अक्षरांची बेरीज घटनेच्या हिजरी सनाइतकी यावी. संभाजीमहाराजांच्या कैदेवर अशी एक तारीख रचली गेली. तिचा अर्थ : बायकोमुलासह संभा कैद झाला. बेरीज करून पाहिली तर ती बरोबर ११०० येते आणि १६८९ चा फेब्रुवारी हिजरी ११०० मध्येच पडतो. जुळणी निर्दोष आहे. पण येसूबाई आणि बाळ शाहू मोगलांच्या हाती लागले ते रायगड पडल्यावर, नोव्हेंबर १६८९ मध्ये. तेव्हा हिजरी ११०१ लागले होते! ‘संभा कैद झाला’ एवढ्याच फार्सी शब्दांची बेरीज ६९३ भरते. ‘बायकोमुलासह’ या शब्दांचे ४०७ मिळाले म्हणजे ११०० होतात. अफवेवर विश्वास ठेवून कवीने ते शब्द घेतले की अंकांची गरज भागवण्यासाठी घेतले, हे कोण सांगणार? इतिहासलेखकाने मात्र तारखेतून सन घ्यावा, बायकोमुले घेऊ नयेत.

आपल्या काळातही या कथेने अलंकाराची साथ सोडलेली नाही. वसंत कानेटकरांच्या १९६८ सालच्या नाटकाचे नाव ‘इथे ओशाळला मृत्यू’. मृत्यू ओशाळत नाही. निर्जीव कल्पनेला माणसाची लाज दिली, ही चेतनगुणोक्ती. शिवाजी सावंतांच्या १९७९ सालच्या कादंबरीचे नाव ‘छावा’. ‘राजा हा छावा’ असे म्हटले असते तर ते रूपक झाले असते; येथे राजाचे नावच नाही, केवळ छावा उरला. ज्याची तुलना करावयाची तेच गिळून टाकले म्हणजे जुने शास्त्रकार त्याला रूपक न म्हणता अतिशयोक्तीचा एक प्रकार मानतात. एके काळी श्लेषाने आणि निरुक्तीने ज्याची निंदा केली, त्याचीच आता रूपकाने आणि अतिशयोक्तीने पूजा चालली आहे. पूजा मनाला सुखावते. पण ज्या डोळस नजरेने निंदा तपासली, तीच नजर पूजेवरही ठेवली पाहिजे. नाहीतर आपण परिभाषा शिकलो नाही, केवळ बाजू बदलली, एवढेच होईल.

शेवटी उलट बाजूचीही एक सूचना करतो. सगळेच अलंकार म्हणून उडवून लावण्याची हुशारी ही अडाणीपणाचीच दुसरी तऱ्हा आहे. शब्दशः घ्यावयाचे काय आणि अलंकार म्हणून घ्यावयाचे काय, हे ओळखणे हाच सारा अभ्यास. मम्मटाची पहिली अट पुन्हा आठवा : सरळ अर्थाला अडथळा आला तरच दुसऱ्या अर्थाकडे वळावे. ‘घोडनदीला जातो’ याला अडथळा आहे, म्हणून तेथे लक्षणा. मस्तानीच्या गळ्यातल्या रसाला अडथळा आहे, म्हणून तेथे अतिशयोक्ती. पण भीमेच्या काठी फाल्गुनात एका राजाला आणि एका कवीला हालहाल करून मारले, या वाक्याला कोणताही अडथळा नाही. तेथे लक्षणा नाही, व्यंजना नाही, अलंकार नाही. ते अभिधेनेच वाचावयाचे आहे, आणि वढूला समाधीपुढे उभे राहिले म्हणजे ती अभिधाच पेलवत नाही.